पॉइंट्स वापरून वरचा वर्ग घेतला, तर आधी भरलेले सीटचे पैसे परत मिळतात का?

पैलतीर (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

माझे आईवडील पुढच्या महिन्यात नाशिकहून माझ्याकडे येत आहेत. तिकिटे एका युरोपीय विमान कंपनीची असून मुंबईहून त्या कंपनीच्या मुख्य विमानतळापर्यंत पहिला टप्पा आणि तेथून न्यूअर्कपर्यंत दुसरा टप्पा, असा प्रवास एकाच तिकिटावर आहे. बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे त्यांना पाय थोडे लांब करून बसता येईल अशी जागा हवी होती, म्हणून इकॉनॉमी वर्गातल्या जास्त लेगरूमच्या दोन सीट मी दोन्ही टप्प्यांसाठी पैसे भरून घेतल्या. पहिल्या टप्प्याचे दोघांचे मिळून १८० डॉलर आणि दुसऱ्या टप्प्याचे २६० डॉलर लागले.

त्यानंतर माझ्या खात्यात साठलेल्या पॉइंट्समधून दुसऱ्या टप्प्यासाठी दोघांनाही बिझनेस वर्ग मिळू शकतो असे दिसले. दोन्ही टप्प्यांना पुरतील इतके पॉइंट्स नव्हते, त्यामुळे एकाच टप्प्याचे अपग्रेड घेतले आणि ते लगेच मंजूरही झाले. नवीन तिकिटाची ईमेल आली, पण त्यात आधी भरलेल्या सीटच्या पैशांचा उल्लेख नाही. ग्राहक सेवा केंद्रात फोन केल्यावर उत्तर मिळाले की सीटचे शुल्क परत न मिळणाऱ्या प्रकारातले आहे आणि अपग्रेड तुम्ही स्वतःहून घेतल्यामुळे ती सीट तुम्हीच सोडली आहे.

याहून काळजीची गोष्ट अशी की पहिल्या टप्प्याच्या सीटही आता संकेतस्थळावर दिसत नाहीत. त्या टप्प्याला आम्ही हातही लावलेला नाही, तरी तेथे सीट निवडलेली नाही असे दाखवून पुन्हा पैसे मागितले जात आहेत. बिझनेस वर्गात जागा आधी निवडायची असेल, तर त्याचेही वेगळे शुल्क दाखवत आहेत. आईवडिलांना विमानतळावर जाऊन वाद घालता येणार नाही, म्हणून जे करायचे ते मला इथूनच आणि आधीच करावे लागेल. वापरलीच जाणार नाही अशा सीटचे पैसे मागण्याचा मला हक्क आहे का, आणि अमेरिकेचे नियम युरोपीय कंपनीला लागू होतात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_तिकीटबाबू (मुंबई)

ताई, सर्वांत आधी पहिल्या टप्प्याच्या सीटकडे लक्ष द्या. पैशांचा प्रश्न चार दिवस थांबला तरी चालेल, पण बाबांची जागा दुसऱ्या कोणाला दिली गेली तर ती परत मिळवणे अवघड होईल.

मी बरीच वर्षे एका विमान कंपनीच्या तिकीट विभागात काम केले आहे, त्यामुळे पडद्याच्या मागे काय घडते ते सांगतो. आपण तिकीट काढतो तेव्हा तेरा अंकी क्रमांकाचे ई-तिकीट तयार होते. सीटचे पैसे त्या तिकिटात धरले जात नाहीत. त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक मिसलेनियस डॉक्युमेंट, म्हणजे ज्याला आम्ही नुसते ईएमडी म्हणतो, असा स्वतंत्र दस्तऐवज निघतो. त्यालाही तेरा अंकी क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन अंक कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, ब्रिटिश एअरवेजचे १२५, याप्रमाणे. प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याचे त्यात वेगळे कूपन असते आणि ते कूपन तिकिटाच्या त्याच टप्प्याच्या कूपनाला जोडलेले असते.

आता अपग्रेड झाले की बुकिंगचा वर्ग बदलतो, आणि पुष्कळ कंपन्यांत त्यासाठी जुने तिकीट बदलून नव्या क्रमांकाचे तिकीट काढले जाते. जुने तिकीट मोडीत निघाले की सीटचे ईएमडी ज्याला जोडलेले होते ते तिकीटच उरत नाही. नव्या तिकिटाला ते जोडून देण्याचे काम कधी संगणक करतो, कधी तिकीट विभागातल्या माणसाला हाताने करावे लागते, आणि ते राहून गेले की ज्या टप्प्याचा अपग्रेडशी काही संबंध नाही त्या टप्प्याची सीटसुद्धा गळून पडते. तुमच्या बाबतीत हेच झालेले दिसते. पैसे कंपनीकडे जमा आहेत, पावती जिवंत आहे, फक्त ती कोणत्याच तिकिटाला लागलेली नाही. म्हणून संकेतस्थळावर पुन्हा पैसे भरू नका.

फोनवर नुसता 'रिफंड द्या' असा आग्रह धरला, तर समोरची व्यक्ती पाठ केलेले वाक्य म्हणणार की शुल्क परत न मिळणारे आहे. त्याऐवजी सीट घेताना आलेली जुनी ईमेल उघडा, त्यातला ईएमडीचा क्रमांक शोधा आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या मागा. पहिल्या टप्प्याचे कूपन नव्या तिकिटाला पुन्हा जोडून जुन्याच सीट द्याव्यात, ही पहिली. दुसऱ्या टप्प्याच्या कूपनाची सध्याची स्थिती काय आहे ते सांगावे आणि ते खुले असेल तर त्याचा परतावा नोंदवावा, ही दुसरी. कूपन खुले आहे, वापरले गेले आहे, बदलून दिले आहे की त्याचा परतावा झाला आहे, हे त्यांच्या पडद्यावर स्पष्ट दिसते. हे काम तिकीट विभागाकडे पाठवा, असे त्यांना आवर्जून सांगा, कारण पहिल्या पायरीवर फोन घेणाऱ्याला ईएमडीला हात लावण्याचा अधिकार बहुधा नसतो.

विमान सुटण्याच्या आधी हे लेखी मागणे फार महत्त्वाचे आहे. प्रवास झाल्यावर ते कूपन कधीकधी वापरलेले म्हणून बंद होते, आणि मग सीट वापरलीच नाही हे बोर्डिंग पास दाखवून सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडते.

बिझनेस वर्गातल्या सीटचे शुल्क मागणे हा तुमच्या कंपनीचाच प्रकार नाही. ब्रिटिश एअरवेजसारख्या कंपन्या वरच्या वर्गातही आधी जागा निवडण्याचे पैसे घेतात आणि चेक-इन सुरू झाल्यावर उरलेल्या जागा फुकट देतात. कंपनी परतावा द्यायला तयारच नसेल, तर तेच २६० डॉलर नव्या वर्गातल्या सीटच्या शुल्कात वळते करून घ्या, असे सुचवून पाहा. ईएमडीच्या बदल्यात दुसरे ईएमडी काढता येते, त्यामुळे ही मागणी वावगी नाही.

एक विचारायचे राहिले. बाबांची पहिल्या टप्प्यातली सीट आपत्कालीन दरवाजाच्या रांगेतली तर नाही ना? तेथे वेळ पडल्यास दरवाजा उघडून इतरांना मदत करू शकेल अशाच प्रवाशाला बसू देतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला कर्मचारी तेथून उठवतील, आणि प्रवासी त्या जागेसाठी पात्रच नव्हता असे म्हणून शुल्कही परत देणार नाहीत.

पैलतीर (एडिसन, न्यू जर्सी)

मनापासून आभार. नाही, सीट दरवाजाच्या रांगेतली नाही. वर्गाच्या सुरुवातीची, समोर भिंत असलेली आहे. ईएमडीचा क्रमांक जुन्या ईमेलच्या जोडपत्रात सापडला. दोघांची दोन वेगळी ईएमडी आहेत आणि प्रत्येकात दोन कूपने आहेत. आज लेखी अर्ज करते.

मैलांचा_हिशेब (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

अमेरिकेच्या नियमांबद्दल लिहितो. कंपनी कोणत्या देशाची आहे यावर ते अवलंबून नाही. अमेरिकेत येणाऱ्या, अमेरिकेतून जाणाऱ्या आणि देशांतर्गत ठरलेल्या वेळापत्रकाच्या विमानांना ते लागू होतात, त्यामुळे तुमचा प्रवास त्यांच्या कक्षेत येतो.

२०१८ च्या विमान वाहतूक प्रशासनविषयक कायद्याच्या कलम ४२१ मध्ये तरतूद आहे की प्रवाशाने ज्या जोड-सेवेचे पैसे दिले पण जी त्याला मिळाली नाही, तिचे शुल्क विमान कंपनीने तत्परतेने परत करावे. पुढे अमेरिकेच्या परिवहन विभागाने एप्रिल २०२४ मध्ये परताव्याचे सविस्तर नियम केले आणि जोड-सेवांच्या व्याख्येत आधी सीट निवडण्याची सोय नाव घेऊन घातली. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर कामकाजाच्या ७ दिवसांत आणि इतर मार्गाने भरले असतील तर २० दिवसांत परतावा द्यायचा, अशी मुदत त्यात आहे. जी सेवा विमानातल्या सर्वांनाच मिळाली नाही तिचे पैसे कंपनीने न मागता द्यायचे असतात. एखाद्याच प्रवाशाला मिळाली नसेल, तर त्याने कंपनीला तसे कळवावे लागते. तेव्हा गप्प बसून वाट पाहू नका.

मात्र तुमचे प्रकरण दोन भागांत मोडते आणि ते भाग एकत्र करून मांडले तर दोन्ही ढिले पडतील. पहिल्या टप्प्याची बाजू भक्कम आहे. तुम्ही त्यात काही बदलले नाही, कंपनीने सीट काढून घेतली, आणि ती परत दिली नाही तर पैसे भरलेली सेवा दिली गेली नाही हे सरळ आहे. दुसऱ्या टप्प्यावर कंपनी म्हणेल की सेवा द्यायला आम्ही तयार होतो, प्रवाशानेच वरचा वर्ग निवडला. अपग्रेडसाठी पॉइंट्स तुम्ही स्वतः मोजले असल्यामुळे या म्हणण्यात काही तथ्य आहे, आणि परिवहन विभागाचा नियम प्रवाशाने स्वेच्छेने केलेल्या बदलाला तितक्याच ठामपणे लागू होतो असे मी सांगणार नाही.

तरीही माझ्या मते मागणी सोडू नये, कारण तुमची बाजू न्याय्य आहे. ती जागा कंपनीने परत ताब्यात घेतली आहे, नकाशात पुन्हा विक्रीला लावली आहे, आणि पुढच्या प्रवाशाकडून तिचे पैसे घेणार आहे. एकाच जागेचे शुल्क दोन प्रवाशांकडून घ्यायचे आणि पहिल्याला काहीच द्यायचे नाही, हे कोणत्या तत्त्वात बसते? ती सीट आज संकेतस्थळावर विक्रीला दिसत असेल, तर सीटच्या नकाशाचे चित्र तारखेसह जपून ठेवा. कंपनीच्या स्वतःच्या सीटविषयक अटीही नीट वाचा. काही कंपन्यांच्या अटींत वरच्या वर्गात गेलेल्या प्रवाशाला खालच्या वर्गाच्या सीटचे शुल्क परत देण्याची तरतूद असते, पण ते आपोआप होत नाही, वेगळा अर्ज भरावा लागतो, आणि फोनवरच्या माणसाला त्याची माहिती नसते.

कंपनीने दाद दिली नाही, तर परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. लेखी तक्रार मिळाल्याची पोच ३० दिवसांत आणि मुद्देसूद उत्तर ६० दिवसांत देण्याचे बंधन कंपनीवर असते. शेवटचा उपाय म्हणून कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कंपनीला गेलेले पैसे बँकेमार्फत परत, मागता येतो. पहिल्या टप्प्याची सीट प्रवासात मिळालीच नाही, तर बँक बहुधा तुमच्या बाजूने निकाल देईल.

खिडकीजवळ (पुणे)

या धाग्यावर माझाही जवळचाच प्रश्न विचारते. मी, यजमान आणि नऊ वर्षांचा मुलगा असे तिघे भारतातल्या एका कंपनीच्या विमानाने जाणार आहोत. यजमानांच्या खात्यात एकाच व्यक्तीच्या अपग्रेडपुरते पॉइंट्स आहेत आणि सततच्या पाठदुखीमुळे मी वरच्या वर्गात बसावे असा त्यांचा आग्रह आहे. तिघांच्या ओळीने सीट पैसे भरून घेतलेल्या आहेत. मी अपग्रेड घेतले तर त्या दोघांच्या सीटवर काही परिणाम होईल का?

जुना_तिकीटबाबू (मुंबई)

होऊ शकतो, आणि हे आधी विचारलेत ते बरे केलेत. एका पीएनआरवरच्या तिघांपैकी एकाचाच वर्ग बदलायचा असेल, तर बुकिंग फोडावे लागते, म्हणजे तुमचा पीएनआर वेगळा होतो आणि यजमान व मुलगा जुन्यावर राहतात. फोडताना सीटची जोडणी कधी नीट जाते, कधी तुटते. भारतातल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले आहे की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकांपैकी किमान एकाशेजारी जागा द्यावी. इथे 'त्याच पीएनआरवरच्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यामुळे मुलगा यजमानांच्याच पीएनआरवर राहिला पाहिजे. अपग्रेड फोनवर करून घ्या, बुकिंग फोडल्यानंतर फोन न ठेवता त्या दोघांचे सीट क्रमांक वाचून घ्या, आणि नवे दोन्ही पीएनआर एकमेकांच्या नोंदीत लिहायला सांगा, म्हणजे विमान रद्द झाले वा बदलले तर तिघांना एकत्र हलवण्याची शक्यता वाढते.

तुमच्या सुटलेल्या सीटचे पैसे परत मिळतील की नाही, हे त्या कंपनीच्या अटींवर ठरेल. अपग्रेड पक्के करण्यापूर्वीच ते विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. तुमचे अपग्रेड वेटलिस्टवर असेल, तर मात्र आधीची सीट कोणत्याही कारणाने सोडू नका. अपग्रेड मिळाले नाही आणि जागाही गेली, तर भरलेल्या विमानात मधली सीट वाट्याला येते.

ग्राहकमित्र (ठाणे)

वरची चर्चा फार उपयोगी आहे. चार्जबॅकच्या सल्ल्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही, आणि ताईंनी त्याबाबत घाई करू नये असे मला कळकळीने वाटते. प्रवासापूर्वी चार्जबॅक केला तर कंपनी त्या बुकिंगवर थकबाकी दाखवू शकते. ज्या खात्यातून पॉइंट्स वापरले ते खाते गोठवण्याचा अधिकार पुष्कळ कंपन्या आपल्या अटींत राखून ठेवतात, आणि ते खाते अडकले तर अपग्रेडही अडचणीत येईल. आईवडील मुंबईच्या विमानतळावर उभे असताना असे काही उद्भवणे परवडणारे नाही. बँकेचा मार्ग प्रवास पूर्ण झाल्यानंतर आणि कंपनीचा लेखी नकार हातात आल्यानंतरच धरावा. व्हिसाच्या नियमांत अशा वादासाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, त्यामुळे थांबल्याने हक्क लगेच जात नाही.

भारतातल्या नियमांचा आधार या प्रकरणात कमी मिळेल. डीजीसीएच्या परताव्याच्या नियमावलीत परदेशी कंपन्यांनी आपापल्या देशाच्या नियमांप्रमाणे परतावा द्यावा असे म्हटले आहे. म्हणून ताईंनी अमेरिकेच्या नियमांवरच भर द्यावा. पुण्याच्या ताईंची कंपनी भारतीय आहे, त्यांना एअरसेवा या सरकारी संकेतस्थळावर तक्रार करता येईल, तसेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही.

ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र दोघींनाही मोकळा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्तीही ग्राहक ठरते, आणि तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. म्हणजे पैसे एडिसनहून भरले असले तरी आईवडील नाशिकच्या आयोगात जाऊ शकतात. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. एवढ्या रकमेसाठी वयस्कर माणसांनी तारखांना जावे असे मी सुचवणार नाही, परंतु कंपनीला पाठवायच्या शेवटच्या पत्रात हा पर्याय लिहिला तर पत्राचे वजन वाढते.

आणखी एक मुद्दा. विमान बदलल्यामुळे किंवा जागा कमी पडल्यामुळे विमानतळावर तुमचे अपग्रेड काढून घेतले, तर आईवडिलांनी पॉइंट्स परत मिळतील एवढ्यावर समाधान मानून गप्प राहू नये. अशा वेळी भिंतीसमोरच्या त्याच जुन्या सीट मागाव्यात. त्यासाठी जुन्या सीटच्या पावतीची छापील प्रत त्यांच्याजवळ असू द्या. फोनमधली ईमेल ऐन वेळी सापडत नाही.

पैलतीर (एडिसन, न्यू जर्सी)

सर्वांना कळवते. अर्जात दोन्ही ईएमडींचे क्रमांक देऊन दोन मागण्या वेगळ्या लिहिल्या होत्या. पहिल्या टप्प्याच्या सीट पुन्हा जोडल्या गेल्या आहेत, त्याच भिंतीसमोरच्या रांगेत, आणि नवी पावतीही आली. दुसऱ्या टप्प्यासाठी मी सीटच्या नकाशाचे चित्र जोडले होते, त्यात आमच्या सोडलेल्या दोन्ही सीट विक्रीला दिसत होत्या. त्यावर उत्तर आले की आईच्या कूपनाचा परतावा मंजूर झाला आहे, बाबांचे कूपन मात्र अपग्रेडच्या वेळी 'बदललेले' म्हणून नोंदले गेल्यामुळे तपासणीसाठी पाठवले आहे. दोघांचे प्रकरण अगदी सारखे असताना असे का व्हावे?

जुना_तिकीटबाबू (मुंबई)

कारण बाबांच्या ईएमडीच्या बदल्यात त्यांनी बहुधा नवे ईएमडी काढले आहे. पैसे त्या नव्या क्रमांकावर पडून असतील. 'बदललेल्या कूपनाच्या बदल्यात निघालेल्या ईएमडीचा क्रमांक आणि त्याची सद्यस्थिती कळवा' एवढे एकच वाक्य त्याच ईमेलच्या उत्तरात लिहा आणि आईच्या मंजुरीचा संदर्भ क्रमांक खाली द्या. एकाच बुकिंगमधल्या एका प्रवाशाला परतावा देऊन दुसऱ्याला नाकारणे त्यांना कागदावर समजावून सांगता येणार नाही. बिझनेस वर्गाच्या सीटचे पैसे भरू नका. चेक-इन उघडताच तुम्हीच इथून दोघांच्या शेजारच्या जागा निवडा.